डोळ्यातलं इंजेक्शन आणि ‘ओपीडी’चा शिक्का : मधुमेही दृष्टिपटलाच्या एका क्लेमचा अभ्यास

केस पेपरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा रबरी शिक्का होता : ‘ओपीडी प्रोसिजर’. पाच इंजेक्शनांपैकी पहिल्याचा ₹४०,००० चा क्लेम त्या शिक्क्यावर अडला, आणि दुसऱ्या इंजेक्शनची कॅशलेस परवानगीही त्याच कारणाने नाकारली गेली.

या प्रकरणातली रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. अशा क्लेममध्ये वारंवार दिसणाऱ्या अडचणी इथे एका फाइलमध्ये जुळवल्या आहेत. तारखा आणि रकमा हिशेब नीट दिसावा म्हणून धरल्या आहेत. नियम, मुदती आणि औषधांच्या मात्रा मात्र भारतात आज आहेत तशाच दिल्या आहेत.

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई, २०१६ पासून मधुमेह. वैयक्तिक आरोग्य पॉलिसी १२ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली, विमा रक्कम ₹५ लाख. प्रस्ताव अर्जात मधुमेह नोंदवलेला होता, ‘चार वर्षांपासून’ असं लिहून, आणि कंपनीने वाढीव हप्ता लावून पॉलिसी दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये उजव्या डोळ्याने वाचताना ओळी वाकड्या दिसू लागल्या. चष्मा लावूनही दृष्टी ६/२४. ओसीटीमध्ये (दृष्टिपटलाच्या थरांचा स्कॅन) दृष्टिपटलाच्या मध्यभागाची जाडी ४६८ मायक्रॉन भरली. निरोगी डोळ्यात ती मशीननुसार साधारण २५० ते २८० असते. निदान : मधुमेहामुळे मॅक्युलाला (दृष्टिपटलाच्या मध्यभागाला) आलेली सूज, म्हणजे डीएमई. उपचार : अफ्लिबरसेप्ट २ मि.ग्रॅ., ०.०५ मिली, महिन्याला एक अशी पाच इंजेक्शनं आणि पुढे साधारण दोन महिन्यांनी एक. तारखा ठरल्या २० ऑगस्ट, १८ सप्टेंबर, १७ ऑक्टोबर, १५ नोव्हेंबर, १५ डिसेंबर.

या तारखा लक्षात ठेवा. पॉलिसीचं वर्ष ११ ऑक्टोबरला संपतं, त्यामुळे दोन इंजेक्शनं एका पॉलिसी वर्षात पडतात आणि तीन पुढच्या. पैशांचं सगळं गणित पुढे यावरच फिरतं.

नकार का आला

१६ सप्टेंबरच्या पत्रात कारण एका ओळीत होतं : ‘२४ तासांचं हॉस्पिटलायझेशन नाही, उपचार ओपीडी स्वरूपाचा, सबब क्लेम अमान्य.’

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे कारण कुठून येतं ते कळतं. पॉलिसीतली ‘डे केअर उपचारा’ची व्याख्या अशी असते : भूल किंवा स्थानिक भूल देऊन रुग्णालयात केलेला, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे २४ तासांच्या आत संपणारा, एरवी २४ तासांपेक्षा जास्त भरती लागली असती असा उपचार. आणि पुढचं वाक्य : सर्वसाधारणपणे ओपीडीत घेतले जाणारे उपचार यात मोडत नाहीत. डोळ्यातलं इंजेक्शन कसं देतात? थेंबांनी डोळा बधिर करतात, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर ३० गेजच्या बारीक सुईने औषध आत सोडतात. सुई काही सेकंदच आत असते. क्लेम तपासणारा माणूस एवढंच वाचतो आणि त्याला ओपीडी दिसते. जंतुसंसर्ग झाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणूनच हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये करतात, हे केस पेपरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

याला उत्तर त्याच पॉलिसीत असतं. विमा नियामक आयआरडीएआयने २७ सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि ते वगळता येणार नाहीत असं सांगितलं. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडाने घ्यायची केमोथेरपी यांच्या जोडीला त्या यादीत ‘इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन’, म्हणजे डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन, हा शब्द स्पष्ट आहे. भरती, घरगुती हॉस्पिटलायझेशन किंवा डे केअर, यांपैकी कोणत्याही रूपात हे उपचार वैद्यकीय गरज असेल तिथे द्यायचे; रकमेवर मर्यादा घालायची मुभा मात्र कंपनीला आहे. त्यामुळे आजच्या बहुतेक पॉलिसींमध्ये ‘आधुनिक उपचार पद्धती’ नावाचं कलम असतं आणि त्यात हे इंजेक्शन नावानिशी असतं. एखाद्या उपचाराचं नाव घेऊन लिहिलेलं कलम असताना सर्वसाधारण व्याख्येवर बोट ठेवून तो नाकारणं टिकत नाही.

पत्र लिहिताना बहुतेक जण इथे चुकतात. ते नियामकाच्या परिपत्रकांचे क्रमांक देत बसतात. आधी आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेतलं कलम, पान आणि शब्द लिहा. करार तुमच्या हातात आहे, तोच सगळ्यात जोरदार कागद.

पत्रात काय होतं

२२ सप्टेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेल्या पत्राचा गाभा असा :

‘आपल्या पत्रात क्लेम ओपीडी स्वरूपाचा म्हणून अमान्य केला आहे. पॉलिसीच्या आधुनिक उपचार पद्धती या कलमात इंट्राव्हिट्रियल इंजेक्शनचा नावाने समावेश असून पॉलिसी वर्षाला ₹५०,००० ची मर्यादा दिली आहे. उपचार ऑपरेशन थिएटरमध्ये, डे केअर भरती करून झाला आहे; भरतीची व डिस्चार्जची वेळ सोबतच्या डिस्चार्ज कार्डवर आहे. नकाराच्या पत्रात कोणत्याही कलमाचा क्रमांक नाही. कलम कोणतं, आणि हा नकार क्लेम पुनरावलोकन समितीसमोर ठेवला होता का, हे लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य बारकाईने घातलं आहे. २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या मास्टर परिपत्रकानुसार कंपनीची उत्पादन व्यवस्थापन समिती किंवा तिची तीन सदस्यांची क्लेम पुनरावलोकन समिती यांच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नकारात संबंधित अटींचा उल्लेख करून कारण द्यावं लागतं. टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) कागद तपासतं, शेरे मारतं. नाही म्हणायचा निर्णय विमा कंपनीचा. टीपीएच्या ईमेलवर भांडण्यात महिना घालवू नका.

पत्राला जोडलेले कागद : डॉक्टरांचं गरजेचं प्रमाणपत्र (निदान, दृष्टी ६/२४, ओसीटीचा आकडा, औषधाचं नाव, मात्रा, किती इंजेक्शनं आणि किती अंतराने), इंजेक्शनआधीच्या ओसीटीची रंगीत प्रिंट, थिएटरमधली प्रक्रियेची नोंद, भरती व सुटीची वेळ असलेलं डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर आणि त्याच बॅच नंबरचं फार्मसीचं बिल, रुग्णालयाच्या नोंदणीची प्रत.

डिस्चार्ज कार्डाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक क्लेम तिथेच मरतात. रुग्णालयाच्या काउंटरवर सहज म्हणतात, “काकू, दोन तासांत घरी जाल, अ‍ॅडमिशनचे कागद कशाला?” बोलणारा मनापासून काकूंचा त्रास वाचवत असतो. पण मग इंजेक्शन ओपीडीच्या केस पेपरवर उरकलं जातं, शिक्का पडतो आणि पुढे कितीही पत्रं लिहिली तरी पहिला कागद तोच राहतो. म्हणून इंजेक्शनच्या आधी काउंटरवर एकच विचारा : “डे केअर अ‍ॅडमिशन होणार ना? डिस्चार्ज कार्ड मिळेल ना?” या प्रकरणात डिस्चार्ज कार्ड निघालं होतं, सकाळी १०.१० ते दुपारी १.२० अशा वेळेसह. ते पहिल्या क्लेमला जोडलं मात्र नव्हतं. फाइलमध्ये होता तो फक्त शिक्का मारलेला केस पेपर.

रुग्णालयाकडे डे केअरची सोय नसेल तर खोटी भरती दाखवायला कधीही सांगू नका. स्वतःचं थिएटर, पात्र परिचारिका आणि डॉक्टर, रोजच्या नोंदी या डे केअर केंद्राच्या अटी आहेत आणि कंपनी त्या तपासते. खोटा कागद सापडला तर तो फसवणुकीत जातो, आणि त्यातून कुठलाच नियम तुम्हाला वाचवत नाही.

‘झाली असतील दहा-पंधरा वर्षं’

पत्र गेल्यावर ओपीडीचा मुद्दा मागे पडला, पण ३ ऑक्टोबरला नवी शंका आली. केस पेपरवर ‘मधुमेह १५ वर्षं’ असं लिहिलं होतं. प्रस्ताव अर्जाप्रमाणे २०२५ मध्ये ती नऊ वर्षं व्हायला हवीत. मग २०२० मध्ये माहिती लपवली का?

अशी ओळ कशी येते ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोळे तपासायच्या आधी सहायक विचारतो, साखर किती वर्षं आहे? बाई म्हणतात, “झाली असतील दहा-पंधरा वर्षं.” तो पंधरा लिहितो. बोलण्यातली ती ढोबळ सवय कागदावर आली की पुरावा होते.

अशा वेळी केस पेपरवर खाडाखोड करून घेणं ही सगळ्यात महागडी चूक. मूळ नोंद आहे तशी राहू द्यायची आणि सोबत डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं वेगळं पत्र जोडायचं : नोंद रुग्णाच्या तोंडी अंदाजावरून झाली, उपलब्ध कागदांनुसार निदान २०१६ चं. त्याला आधार म्हणून २०१६ चा पहिला एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट आणि गोळी सुरू केल्याची पहिली चिठ्ठी. या प्रकरणात २०१९ ची डोळ्याच्या पडद्याची तपासणीही सापडली आणि त्यात दृष्टिपटल स्वच्छ होतं. तो कागद फार मोलाचा ठरला, कारण पॉलिसीआधी डोळ्यात आजार नव्हता हे त्याने दाखवलं.

नियमांची बाजू अशी. पूर्वीपासूनच्या आजाराचं कलम आजारासोबत त्याच्या थेट गुंतागुंतींनाही लागू असतं, त्यामुळे मधुमेह जाहीर केला असला तरी प्रतीक्षा काळात डीएमईचा क्लेम मिळत नाही. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने होता, १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिने आहे. इथे दोन्ही उलटले होते. मोतीबिंदू आणि वयोमानाचे डोळ्यांचे आजार यांना बहुतेक पॉलिसींत वेगळी, सहसा २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. दोन्ही लागू पडल्या तर जास्त लांबीची धरतात. तिसरी मुदत ६० महिन्यांची : सलग साठ महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेमवर आक्षेप घेता येत नाही. ही मुदत पूर्वी ९६ महिन्यांची होती. पहिल्या इंजेक्शनला ५९वा महिना चालू होता, म्हणून कागद द्यावेच लागले. १२ ऑक्टोबरनंतरच्या इंजेक्शनांना हा प्रश्न विचारायची सोयच उरली नाही.

इथेच नूतनीकरणाची एक गोष्ट. हप्ता चुकला तरी वार्षिक पॉलिसीत ३० दिवसांची सवलत असते, पण ती सातत्य टिकवण्यासाठी. मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंत झालेला खर्च सहसा मिळत नाही. १७ ऑक्टोबरला इंजेक्शन असताना हप्ता २० तारखेला भरला असता तर तो क्लेम गेला असता. आणि क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारेल ही भीती मनातून काढून टाका. मागच्या क्लेमच्या कारणावरून तसं करता येत नाही.

पैसे प्रत्यक्षात किती आले

१४ ऑक्टोबरला पहिला क्लेम मंजूर झाला. एका इंजेक्शनचं बिल असं : औषध ₹३०,०००, डॉक्टर व थिएटर ₹७,५००, आय ड्रेप-आय किट-आय पॅड-शील्ड ₹१,५००, आधीची ओसीटी ₹१,०००. ओसीटी भरतीपूर्व खर्चात बसली. ₹१,५०० कापले गेले, कारण नियामकाच्या यादीप्रमाणे या चार वस्तू प्रक्रियेच्या शुल्कातच धरायच्या असतात, वेगळ्या आकारल्या की कंपनी त्या देत नाही. मिळाले ₹३८,५००. पुढच्या बिलांत रुग्णालयाने त्या प्रक्रिया शुल्कात घेतल्या.

त्या दीड हजारासाठी बाईंच्या मुलाला पुन्हा पत्र लिहायचं होतं. गरज नव्हती. वर्षाची मर्यादा ₹५०,००० आहे आणि दुसऱ्या इंजेक्शनचं बिल ती पूर्ण करणारच होतं : ₹११,५०० मिळाले, वर्ष संपलं. नव्या पॉलिसी वर्षात तिसऱ्याचे पूर्ण ₹४०,०००, चौथ्याचे ₹१०,०००, पाचव्याचं काही नाही. एकूण खर्च ₹२,००,०००, पॉलिसीतून ₹१,००,०००. पाचही इंजेक्शनं एकाच पॉलिसी वर्षात पडली असती तर ₹५०,००० वरच थांबलं असतं.

साहजिकच घरच्यांनी विचारलं होतं की सप्टेंबरचं इंजेक्शन ऑक्टोबरच्या १२ नंतर ढकलता येईल का. नाही. सुरुवातीच्या मासिक मात्रा सूज उतरवण्यासाठी असतात, आणि मॅक्युलाला सूज जितके दिवस राहते तितकी दृष्टी परत येण्याची आशा कमी होते. शिवाय ढकलून मिळणार काय? नव्या वर्षात चार इंजेक्शनं आणि तीच ₹५०,००० ची मर्यादा. पुढच्या देखभालीच्या टप्प्यात डॉक्टरच म्हणाले की आठवडाभर इकडेतिकडे चालेल, तर तेव्हा तारखेचा विचार जरूर करा.

तिसऱ्या इंजेक्शनला कॅशलेस मिळालं. रुग्णालय कंपनीच्या जाळ्यात नव्हतं, पण जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ची सोय आहे; ठरलेल्या उपचाराला ४८ तास आधी कळवावं लागतं. अर्जात पहिल्या क्लेमचा मंजुरी क्रमांक लिहिला होता. परवानगीचा निर्णय एका तासात, आणि सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम आहे. दीर्घ आजारात पहिल्या नकाराशी नेटाने झुंजायचं ते यासाठी : पहिल्या फाइलवर जे ठरतं तेच पुढची प्रत्येक फाइल उघडताना समोर असतं.

कंपनी अडून बसली असती तर वाट सरळ होती. तक्रार अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं. मग नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. आणि कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, ₹५० लाखांपर्यंतची तक्रार घेता येते, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा. निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर रुग्णाला दिवसाला ₹५,००० द्यावे लागतात.

स्वस्त औषधाचा प्रश्न

चौथ्या इंजेक्शननंतर बेव्हॅसिझुमॅबचा, म्हणजे याच सुजेसाठी वापरतात त्या दुसऱ्या औषधाचा, विषय निघाला. ते बरंच स्वस्त आहे. मूळ औषध कर्करोगाचं, डोळ्यातला वापर लेबलबाहेरचा (औषधाच्या मंजुरीत नसलेला), आणि एवढ्यावरून काही कंपन्या ‘अप्रमाणित उपचार’ हे कलम लावतात. त्याला उत्तर आहे : डोळ्यातल्या वापरासाठी हे औषध २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

खरी अडचण बिलाची. १०० मि.ग्रॅ. ची ४ मिलीची एक बाटली असते आणि एका डोळ्याला लागतं १.२५ मि.ग्रॅ., म्हणजे ०.०५ मिली. एका बाटलीतून अनेक रुग्णांचे डोस भरले जातात, त्यामुळे तुमच्या नावाचं खोकं नसतं, स्टिकर नसतो, आणि टीपीए नेमकं तेच मागतं. रुग्णालयाकडून बॅच नंबर, डोस भरल्याची तारीख आणि निर्जंतुक पद्धतीने वाटणी केल्याची नोंद असलेलं प्रमाणपत्र घ्या. ते द्यायला रुग्णालय कचरत असेल तर ते औषध तिथे घ्यावं का, याचाच विचार करा. वाटणीत हयगय झाली की त्याच बॅचच्या अनेक डोळ्यांना संसर्ग होतो.

औषध निवडायचं ते डॉक्टरांनी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटोकॉल टी’ या अमेरिकी चाचणीत सुरुवातीची दृष्टी बरी असलेल्या रुग्णांत अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब या तिन्ही औषधांचा गुण सारखा आला. दृष्टी ६/१५ किंवा त्याहून कमी असलेल्यांत एका वर्षाला अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. इथे सुरुवात ६/२४ वर होती, म्हणून महाग औषधाची गरज प्रमाणपत्रात पटवता आली. डिसेंबरमध्ये दृष्टी ६/१२ आणि ओसीटी ३१० वर आली, तेव्हा देखभालीसाठी औषध बदलायचं का हे डॉक्टरांशी बोलणं रास्त होतं.

पाचव्या इंजेक्शनला मुलाच्या लक्षात आलं की त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई आहे. ग्रुप पॉलिसीत बहुधा पूर्वीच्या आजाराची प्रतीक्षा नसते आणि इंजेक्शनची मर्यादाही वेगळी असते. पहिल्या कंपनीचं हिशेबाचं पत्र आणि तिने साक्षांकित केलेल्या कागदांच्या प्रती जोडून उरलेली रक्कम तिथे मागता येते. पाचव्याचे ₹४०,००० तिथून मिळाले. दुसऱ्या आणि चौथ्याची उरलेली रक्कमही मागता आली असती, पण कागद सादर करायची मुदत उलटून गेली होती.

सहावं इंजेक्शन फेब्रुवारी २०२६ मध्ये आहे. वैयक्तिक पॉलिसीची मर्यादा ११ ऑक्टोबर २०२६ पर्यंत संपलेली आहे. विमा रक्कम वाढवली तर वाढीव भागाला प्रतीक्षा नव्याने सुरू होते, म्हणजे या डोळ्याला तिचा तूर्त उपयोग नाही. ग्रुप पॉलिसी मुलाची नोकरी आहे तोवर. डाव्या डोळ्याची डिसेंबरची ओसीटी २९५ आहे. पुस्तिकेत ₹५०,००० च्या पुढे ‘प्रति पॉलिसी वर्ष’ असं छापलेलं आहे, ‘प्रति डोळा’ हे शब्द तिथे नाहीत.